मिठाची पिवळी, चुनखडीची विटकरी: घरच्या घरी रंगीत ज्योत

गडचांदूरला चुनखडी मुद्दाम शोधावी लागत नाही. गावातल्या माणिकगड सिमेंटपासून आवारपूर, उपरवाही, नारंड्यापर्यंतचे सगळे कारखाने याच करड्या दगडावर उभे आहेत. राजुरा-कोरपना रस्त्याच्या कडेला त्याचा खडा सहज मिळतो. हा खडा व्हिनेगरमध्ये भिजवा आणि त्या पाण्याचा एक थेंब निळ्या ज्योतीत धरा. क्षणभर विटकरी-नारिंगी झाक उठते. ती कॅल्शियमची. अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी क्षार ओळखताना जी ज्योत परीक्षा करतात, ती हीच.

रंगीत ज्योतीचे व्हिडिओ मुले मोबाईलवर पाहतात आणि मग घरात ‘करून बघू’ सुरू होते. नाही म्हटले तर ती पाठीमागे करतात. म्हणून हा लेख मुलांबरोबर ओट्याजवळ उभ्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी आणि शाळेत विज्ञान प्रदर्शनाची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. रंग चांगला दिसण्यासाठी ज्योत मोठी लागत नाही, स्वच्छ लागते. पदार्थ मूठभर लागत नाही, थेंबभर पुरतो. पुढच्या सगळ्या सूचना याच दोन वाक्यांतून निघतात.

रंग येतो कुठून?

हा प्रयोग तुमच्या स्वयंपाकघरात नकळत अनेकदा झालेला आहे. डाळ उतू जाऊन बर्नरवर सांडली की निळी ज्योत एकदम पिवळीधमक होते. तो रंग डाळीचा नाही, डाळीतल्या मिठाचा आहे. मिठातल्या सोडियमच्या अणूंना उष्णता मिळते, त्यांचे इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातात आणि खाली येताना ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने सोडतात. सोडियमच्या बाबतीत हा प्रकाश सुमारे ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे पिवळा असतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या ऊर्जापातळ्या वेगळ्या, त्यामुळे प्रत्येकाचा रंगही वेगळा.

मेणबत्तीची ज्योतही पिवळी दिसते, पण तिचे कारण निराळे आहे. तिथे अर्धवट जळालेल्या काजळीचे बारीक कण तापून उजळतात. म्हणूनच हा प्रयोग मेणबत्तीवर किंवा चुलीवर जमत नाही. मुळात पिवळ्या असलेल्या ज्योतीवर दुसरा रंग दिसणार कसा? त्यासाठी गॅसची निळी, जवळजवळ रंगहीन ज्योत हवी. रॉबर्ट बुन्सेन यांनी जर्मनीत हायडेलबर्गला १८५५ च्या सुमारास आपला बर्नर वापरात आणला, त्याचे मोल इथेच आहे. त्या स्वच्छ ज्योतीच्या आधारावर बुन्सेन आणि गुस्ताव किरखॉफ यांनी १८६० मध्ये सिझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम ही तोवर कोणालाच ठाऊक नसलेली मूलद्रव्ये केवळ त्यांच्या प्रकाशावरून शोधली.

आधी काय करायचे नाही

रंगीत ज्योतीच्या बहुतेक अपघातांत दोष रंगाच्या क्षाराचा नसतो. तो क्षार पेटवण्यासाठी ओतलेल्या द्रवाचा असतो.

स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर, पेट्रोल, रॉकेल यांत पावडर कालवून ती वाटीत पेटवायची नाही. मेथनॉल ओतून रंगीत ज्योती दाखवण्याचा प्रयोग परदेशातल्या शाळांत वर्षानुवर्षे चालत होता. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या एका शाळेत चार लिटरच्या बाटलीतून मेथनॉल ओतताना आग बाटलीत शिरली, पेटत्या द्रवाचा झोत समोर बसलेल्या मुलांकडे गेला आणि एक विद्यार्थी गंभीर भाजला. अल्कोहोलची ज्योत उजेडात जवळपास दिसत नाही. विझली असे समजून माणूस पुन्हा ओततो आणि घात होतो.

कोरडी पावडर ज्योतीवर उधळायची नाही. कॅरमच्या काही पावडरी बोरिक ॲसिडच्या असतात, तर काही स्टार्चच्या. हवेत उडालेले स्टार्च भपकन पेटते.

फटाके फोडून त्यातली दारू काढायची नाही. फटाक्यातला लाल रंग स्ट्रॉन्शियमचा आणि हिरवा बेरियमचा, हे खरे. पण त्याच दारूत ऑक्सिजन पुरवणारे क्षारही मिसळलेले असतात आणि ती नुसत्या घासण्याने पेट घेऊ शकते. बेरियमचे क्षार तर विषारी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फटाक्यांत त्यांच्या वापराला मनाई केली आहे.

कृषी सेवा केंद्रातली ठिबकची खते, म्हणजे १३-०-४५ किंवा कॅल्शियम नायट्रेट, आगीजवळ नेऊ नका. नायट्रेट आगीला जोर देते. पोटॅशियम परमँगनेटचेही तेच. गंधक सुंदर निळे जळते, पण त्याचा धूर श्वासनलिकेला भाजून काढतो. मोबाईलची बॅटरी लिथियमच्या लाल रंगासाठी फोडण्याचा विचारही नको.

आणि आपल्या भागापुरते आणखी एक. दिवाळीनंतर घराघरांत वेचलेला कापूस पडलेला असतो, पुढे अंगणात पऱ्हाटीचा ढीग रचला जातो. फेब्रुवारीनंतर रानात पालापाचोळा वाळून कडकडीत होतो. कापूस, पऱ्हाटी, तणस किंवा सुकलेले गवत जवळ असेल तिथे हा प्रयोग नाही. शेकोटीत किंवा चुलीत रंगासाठी काहीही टाकायचे नाही. त्याच निखाऱ्यावर उद्या वांगे भाजायचे असते.

साहित्य

तार: इलेक्ट्रिकच्या दुकानात शेगडीची किंवा हिटरची कॉईल मिळते. ती नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची असते आणि ज्योतीला स्वतःचा रंग देत नाही. नवी कॉईल घ्या. बोटभर तुकडा कापून त्याच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढे कडे वळवा. दुसरे टोक पकडीत किंवा लाकडी काडीला घट्ट गुंडाळून धरा.

तांबे: घराच्या वायरिंगमधली जाड, एकसंध तांब्याची तार. तिच्यावरचे प्लास्टिक मोठ्या माणसाने सोलून काढावे. जाळून काढू नये, कारण पीव्हीसीचा धूर विषारी असतो. बारीक केसासारख्या तारा घेऊ नका. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, गॅसची ज्योत त्याहून बरीच तापते आणि बारीक तारेचा थेंब खाली पडू शकतो.

क्षार: साधे मीठ, चुनखडीचा खडा, पांढरे व्हिनेगर, आणि चिमूटभर पोटॅश, म्हणजे शेतात टाकतात ते म्युरेट ऑफ पोटॅश. हे बहुतांशी पोटॅशियम क्लोराइड असते.

सुरक्षेसाठी: डोळ्यांवर चष्मा किंवा गॉगल, हाताशी पाण्याची बादली, ओले पोते. अंगात सुती कपडे. ओढणी बाजूला ठेवा, केस बांधा.

चुनखडीऐवजी पानाच्या ठेल्यावरचा चुना चालेल का, असे कोणीही विचारेल. आपल्याकडे खर्रा घोटण्यापायी तो घरोघरी असतोच. रसायनशास्त्राच्या हिशेबाने चालेल, पण मुलांच्या हातात तो नको. ओला चुना दाहक असतो. चुन्याची पुडी दाबताना फुटून डोळ्यांत उडाल्याने मुलांची बुबुळे कायमची निकामी झाल्याच्या नोंदी आपल्या देशातल्या नेत्ररुग्णालयांत आहेत. दगडाचा खडा सगळ्यांत निर्धोक.

कृती

चुनखडीची तयारी आदल्या रात्री करा. खडा कापडात गुंडाळून हातोडीने ठेचा. चमचाभर भुगा काचेच्या पेल्यात घेऊन त्यावर अर्धी वाटी व्हिनेगर ओता. बुडबुडे येतील, तो कार्बन डायऑक्साइड. पेल्यावर घट्ट झाकण लावू नका. सकाळी वरचे निवळ पाणी वेगळे काढा. त्यात कॅल्शियम ॲसिटेट उतरलेले असते. मिठाचे आणि पोटॅशचे पाणी प्रत्येकी एका लहान वाटीत, तळाशी थोडा क्षार शिल्लक राहील इतके दाट करा. पोटॅशच्या पाण्यावर लाल तांबूस गाळ दिसेल, तो बसू द्या.

पेल्यांना चिठ्ठ्या चिकटवा. शीतपेयाच्या बाटलीत यातले काहीही भरून ठेवू नका. तहानलेले मूल बाटली पाहते, चिठ्ठी वाचत नाही.

आता खिडकी उघडी, पंखा बंद, खोली अंधारी पण चालताना अडखळायला होणार नाही इतपत उजेडाची. ओट्यावरून तेलाची बुधली, पिशव्या, फडकी हलवा. गॅस लहान ठेवा. ज्योत निळी नसेल, टोकाला पिवळी होत असेल, तर बर्नर आधी साफ करा.

१. नायक्रोमचे कडे ज्योतीत लाल होईपर्यंत धरा, बाहेर काढून थंड होऊ द्या आणि व्हिनेगरमध्ये बुडवा. ज्योतीत नुसती तार धरल्यावर कोणताही रंग येईनासा होईपर्यंत हे करत राहा.

२. थंड झालेले कडे क्षाराच्या पाण्यात बुडवा. कड्यात एक थेंब अडकतो, तेवढा पुरे.

३. थेंब ज्योतीच्या बाहेरच्या कडेला, बुडाच्या थोडे वर आडवा धरा. पाणी चुरचुरून उडते आणि मग रंग येतो. रंग काही सेकंदच टिकतो. बघणाऱ्याची नजर तयार असू द्या.

४. दुसऱ्या क्षाराकडे जाण्यापूर्वी तार पुन्हा साफ करा. मीठ सगळ्यांत शेवटी.

गरम तार लाल दिसत नसली तरी बोट भाजते. ती टेकवायला शेजारी एक फुटकी फरशी ठेवा.

कोणता पदार्थ, कोणता रंग

चुनखडीच्या पाण्याने विटकरी-नारिंगी रंग येतो. पहिल्या क्षणी पिवळा दिसेल, कारण थोडेफार सोडियम सगळीकडे असते. तो ओसरल्यावर मागे विटकरी उरतो. रंग फिका वाटला तर कपाटातला ओलावा शोषणारे डबे आठवा. त्यांतले पांढरे दाणे बहुधा कॅल्शियम क्लोराइडचे असतात. डब्यावर तसे लिहिलेले असेल तर त्याच्या पाण्याने रंग अधिक खुलतो.

पोटॅशचा रंग फिका जांभळा, आणि हाच सगळ्यांत लाजरा. थोडे जरी मीठ मिसळले की पिवळ्यामागे दडून बसतो. प्रयोगशाळेत अशा वेळी निळ्या कोबाल्ट काचेतून पाहतात. ती काच पिवळा प्रकाश अडवते आणि जांभळा पार जाऊ देते. शाळेत ती काच असेल तर जरूर मागून घ्या.

तांब्याची तार नुसती तापवली तर ज्योतीच्या कडेला हिरवट झाक दिसते. थंड करून पोटॅशच्या पाण्यात बुडवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. आता निळसर हिरवी जीभ उठते, कारण तांबे आणि क्लोरीन एकत्र आल्याने सहज वाफ होणारे संयुग तयार होते. घरी करण्यासारख्या रंगांत मला हा सगळ्यांत देखणा वाटतो. हे एकदोनदाच करा, खिडकी उघडी असू द्या आणि नंतर बर्नर पुसून घ्या.

मीठ पिवळे. ते शेवटी ठेवण्याचे कारण असे, की बुन्सेन आणि किरखॉफ यांच्या हिशेबाने मिलीग्रॅमचा तीस लाखावा भाग सोडियमही त्यांच्या उपकरणात पकडला जात होता. तुमच्या बोटांच्या घामात त्याहून कितीतरी जास्त असते. म्हणून कड्याला बोट लावायचे नाही.

मोरचूद आणि बोरिक ॲसिड यांचा हिरवा रंग प्रसिद्ध आहे. पण दोन्ही पोटात गेल्यास विषारी आहेत, त्यामुळे स्वयंपाकाच्या गॅसवर ती येता कामा नयेत. ती शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर, तिथल्या बर्नरवर करा. स्पिरिटचा दिवा वापरणार असाल तर तो पेटता असताना त्यात स्पिरिट घालू नका आणि बाटली दुसऱ्या टेबलावर ठेवा. उरलेले मोरचुदाचे पाणी नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, मासे मरतात. चिठ्ठी लावून पुढच्या तुकडीसाठी ठेवा.

रंग न आल्यास

सगळेच पिवळे दिसत असेल तर तार अस्वच्छ आहे किंवा पाणी मिठाळ. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर घ्या, फरक लगेच दिसेल. काहीच दिसत नसेल तर खोलीत उजेड जास्त आहे किंवा थेंब ज्योतीच्या आतल्या थंड भागात धरला आहे. रंग येऊन लगेच जात असेल तर ते बरोबरच आहे. थेंब वाढवण्यापेक्षा तेच पुन्हा करा.

जुन्या सीडीचा वर्णपटदर्शक

नुसत्या डोळ्याने दोन नारिंगी रंगांत गफलत होते. त्यावर एक फुकटचे साधन आहे. सीडीवरच्या रेषा एकमेकींपासून १.६ मायक्रोमीटर अंतरावर असतात, म्हणजे एका मिलीमीटरमध्ये सुमारे ६२५. एवढ्या दाट रेषा प्रकाश फोडून त्याचे घटक रंग वेगळे करतात.

चपलांचे रिकामे खोके घ्या. एका टोकाला जाड कागदाच्या दोन सरळ कडा जवळजवळ चिकटवून मिलीमीटरभर रुंदीची उभी फट करा. दुसऱ्या टोकाला सीडी तिरकी, चकचकीत बाजू फटीकडे करून बसवा आणि तिच्याकडे पाहता येईल असे बाजूला भोक पाडा. खोके ज्योतीपासून हातभर लांब ठेवा, ते पुठ्ठ्याचे आहे. त्यातून सूर्याकडे कधीही पाहू नका.

मेणबत्तीकडे पाहिले तर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सलग पट्टा दिसतो. मिठाच्या ज्योतीत पिवळी रेषा एकटीच उठून दिसते. कॅल्शियममध्ये नारिंगी पट्ट्याबरोबर हिरवा पट्टाही सापडतो, जो नुसत्या डोळ्याला कळलाच नव्हता. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली विजयदुर्ग, जमखंडी आणि गुंटूरवरून गेली. तेव्हा जमलेल्या निरीक्षकांच्या हातात याच तत्त्वावरची साधने होती. सोडियमच्या रेषांजवळ पण त्यांच्याशी न जुळणारी एक पिवळी रेषा त्या वर्षी सूर्याच्या प्रकाशात आढळली. ती हेलियमची निघाली. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ उजाडले.

भाजलेच तर

भाजलेली जागा ताबडतोब नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नका. फोड फोडू नका. जखम तळहातापेक्षा मोठी असेल, किंवा चेहरा, डोळे, सांधे भाजले असतील तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. डोळ्यात काही उडाले तर पापण्या उघड्या धरून भरपूर पाण्याने धूत राहा आणि तसेच दवाखान्यात न्या. गॅसचा वास आला तर प्रयोग विसरा. दारे-खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका, बाहेर जाऊन १९०६ ला कळवा.

वहीत काय लिहायचे

प्रदर्शनात नुसता रंग दाखवून मुलांचे शिकणे पूर्ण होत नाही. मीठ, पोटॅश, चुनखडी यांच्या पाण्याला क्रमांक द्या, नावे झाका आणि मुलांना रंगावरून ओळखायला सांगा. वहीत तीन रकाने पुरतात: आधी काय वाटले, काय दिसले, कशावरून ठरवले. मग मुद्दाम पोटॅशमध्ये मिठाचे दोन खडे घाला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. सगळी मुले ‘सोडियम’ म्हणतील आणि ते खरेही असेल, पण पोटॅशियम तिथेच असूनही कोणाला दिसलेले नसेल. तेव्हा त्यांना एवढेच लिहायला लावा: पिवळी ज्योत दिसली म्हणजे सोडियम आहे हे कळले, दुसरे काही नाही हे मात्र कळले नाही.